शिंगो कुनिएदा: आधी खुर्ची, मग रॅकेट

व्हीलचेअर टेनिस बघताना नजर फक्त चेंडूवर ठेवली तर निम्मा खेळ सुटतो. फटका मारून झाल्यावर पुढच्या दीड-दोन सेकंदांत खेळाडू खुर्ची कुठे नेतो, कोणत्या बाजूने वळवतो, थांबवतो की चालती ठेवतो, ते बघायचं. गुण तिथेच मिळतो किंवा जातो. हे बघायची सवय लावायची असेल तर जपानच्या शिंगो कुनिएदाच्या जुन्या मॅचेससारखा दुसरा मास्तर नाही.

आकडे एकदाच सांगून टाकतो. एकेरीत २८ ग्रँड स्लॅम विजेतेपदं: ऑस्ट्रेलियन ओपन ११, फ्रेंच ओपन ८, यूएस ओपन ८ आणि विम्बल्डन १. दुहेरीत आणखी २२. म्हणजे एकूण ५०. पॅरालिम्पिकमध्ये एकेरीची तीन सुवर्णं (बीजिंग २००८, लंडन २०१२, आणि २०२१ मध्ये झालेलं टोकियो) आणि दुहेरीचं एक (अथेन्स २००४, जोडीदार सातोशी साइदा). एकेरीत सलग १०७ सामने जिंकण्याची मालिका, जी २०१० च्या अखेरीस फ्रान्सच्या स्तेफान उदेने मोडली. ५८२ आठवडे जागतिक क्रमवारीत पहिला, आणि २२ जानेवारी २०२३ रोजी निवृत्ती जाहीर केली तेव्हाही पहिलाच.

हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. या आकड्यांमागचं तंत्र मात्र फारसं कोणी लिहीत नाही. माझ्या मते कुनिएदाच्या अख्ख्या कारकिर्दीचं सूत्र एकच आहे: खुर्ची वेळेवर जागेवर पोहोचली तर फटका आपोआप सोपा होतो, आणि पोहोचली नाही तर त्याची किंमत कोपराला आणि खांद्याला मोजावी लागते. त्याने दोन्ही बाजू अनुभवल्या.

जन्म १९८४ चा, टोकियोतला. वाढला शेजारच्या चिबा प्रांतातल्या काशिवा शहरात. नवव्या वर्षी पाठीच्या कण्यात गाठ निघाली आणि व्हीलचेअर आली. अकराव्या वर्षी आई त्याला काशिवातल्याच योशिदा मेमोरियल टेनिस सेंटरवर घेऊन गेली. तिथे व्हीलचेअर टेनिसचे वर्ग चालायचे. घराजवळ केंद्र असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे अपंग मुलांच्या पालकांना वेगळं सांगायला नको. त्याआधी तो मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळायचा; मित्र पायांवर, हा खुर्चीवर. म्हणजे रॅकेट हातात यायच्या आधी खुर्ची झटकन वळवणं, थांबवणं, पुन्हा पळवणं अंगवळणी पडलं होतं. नवीन मुलांना शिकवताना हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी हातात रॅकेट देतात, मूल एका जागी बसून चेंडू मारतं, सगळे टाळ्या वाजवतात. पण मग खुर्ची जागची हलत नाही ती नाहीच.

आता नियम. कोर्ट तेच, जाळी तीच, चेंडू तोच, रॅकेट तीच. फरक एवढाच की चेंडूला दोन टप्पे चालतात, तिसरा पडायच्या आत मारायचा. पहिला टप्पा कोर्टात हवा, दुसरा कोर्टाबाहेर पडला तरी चालतो. खुर्ची शरीराचाच भाग धरली जाते. चेंडू खुर्चीला लागला तर गुण गेला. सर्व्हिसच्या आधी खुर्ची स्थिर हवी, मग चेंडू मारेपर्यंत चाकाला एकदाच ढकलता येतं. फटका मारताना नितंब सीटवरून उचलायचे नाहीत. पाय ब्रेक म्हणून किंवा आधार म्हणून जमिनीला किंवा चाकाला लावायचे नाहीत. या शेवटच्या दोन नियमांमागचं कारण नीट समजून घ्यायला हवं. खुल्या गटात एका किंवा दोन्ही पायांत कायमचं अपंगत्व असलेले सगळे एकत्र खेळतात. काहींना कमरेखाली संवेदनाच नसते, काहींचा एक पाय कापलेला असतो, आणि काही जण कोर्टाबाहेर चालूही शकतात. ज्याच्या पायात ताकद आहे त्याने ती वापरली तर बाकीच्यांवर अन्याय होईल. तीन किंवा अधिक अवयवांवर परिणाम झालेल्यांसाठी क्वाड हा वेगळा गट आहे. तो पॅरालिम्पिकमध्ये २००४ साली आला.

दोन टप्प्यांची सवलत ऐकून लोकांना वाटतं, खेळ सोपा झाला. प्रत्यक्षात ती सवलत वापरायची की नाही, हाच या खेळातला सर्वात अवघड निर्णय आहे. दुसऱ्या टप्प्याची वाट बघितली तर चेंडूचा वेग उतरतो, तो खांद्यावरून छातीच्या उंचीवर येतो, मारायला सोयीचा होतो. पण तोपर्यंत खेळाडू बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, तीन-चार मीटर मागे गेलेला असतो. तिथून मारलेला चेंडू समोर पोहोचायला वेळ लागतो आणि समोरच्याला ड्रॉप शॉट, म्हणजे जाळीलगत अलगद पडणारा चेंडू, टाकायला मोकळं रान मिळतं. पहिल्या टप्प्यावर मारलं तर समोरच्याचा वेळ खाता येतो, पण त्यासाठी खुर्ची आधीच तिथे असायला हवी. कुनिएदाने पहिल्या टप्प्यावर हल्ला करण्याचं प्रमाण वाढवत नेलं. आज पुरुषांच्या गटात वरच्या फळीतले सगळेच तसं खेळू पाहतात.

मग खुर्ची आधीच तिथे पोहोचते कशी?

पहिली गोष्ट ढकलण्याची. बास्केटबॉलमध्ये दोन्ही हात मोकळे असतात. टेनिसमध्ये एका हातात सतत रॅकेट असते, आणि त्याच हाताने चाकाची रिमही ढकलायची असते. त्यासाठी रॅकेटची मूठ तळहात आणि रिम यांच्यामध्ये दाबून धरायची आणि तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने जोर द्यायचा. अंगठा रिमच्या वरून पुढे रोखलेला, बोटं मुठीभोवती. नवशिक्याच्या बाबतीत इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. रॅकेटचा हात कमी जोर देतो, त्यामुळे खुर्ची त्या बाजूला ओढली जाते, आणि मग सरळ जाण्यासाठी दुसऱ्या हाताचा जोर कमी करावा लागतो. दुसरं, मूठ तिरकी धरली तर रॅकेटचा डोक्याकडचा भाग चाकाच्या तारांना घासतो, कधी अडकतोही. तिसरं, अंगठ्याच्या बुडाशी आणि तळव्यावर फोड येतात. हातमोजे घालून रॅकेटवरची पकड बिघडते, म्हणून बहुतेक जण बोटांना चिकटपट्टी गुंडाळतात. काही जण रबराचं आवरण असलेल्या रिम वापरतात, म्हणजे घामाने हात सटकत नाही. दमट हवेत प्रत्येक बाजू बदलताना रिम टॉवेलने पुसायचीच.

सराव साधा आहे. रॅकेट हातात घेऊन बेसलाइनपासून जाळीपर्यंत जायचं, सुरुवात दोन आखूड आणि जोरदार धक्क्यांनी, मग एक लांब. जाळीपाशी दोन्ही तळव्यांनी ब्रेक, जागेवर अर्धं वळण, परत. सहा ते आठ फेऱ्या, मध्ये पुरेशी विश्रांती. खुर्ची रेषेवरून हलली की रॅकेटच्या हाताचा जोर कमी पडला समजायचं. चेंडू आणायची घाई करू नये. हा सराव नीट झाला की बाकीचं लवकर येतं.

दुसरी गोष्ट, खुर्ची कधी थांबवायची नाही. थांबलेली हातगाडी हलवायला जेवढा जोर लागतो तेवढा चालत्या गाडीला लागत नाही, खुर्चीचंही तसंच. म्हणून समोरचा फटका मारत असतानाही चांगल्या खेळाडूची खुर्ची हळूहळू का होईना, चालत असते. प्रशिक्षक याला ‘हब’ म्हणतात: बेसलाइनच्या मागे दोन-तीन मीटरवर, मधोमध, अशी एक जागा, जिच्याकडे प्रत्येक फटक्यानंतर परत यायचं. पण तिथे पोहोचून वाट बघत बसायचं नाही. तिकडे येता येताच समोरचा मारतो आणि त्याच वेगावर पुढच्या चेंडूकडे वळायचं.

वळण्याचे दोन प्रकार आहेत. फटका मारल्यावर जाळीकडे तोंड करत वळणं, किंवा जाळीकडे पाठ करत बाहेरून वळणं. पहिल्यात चेंडू सतत दिसतो, आणि चेंडू आखूड आला तर लगेच पुढे जाता येतं. पण खोल चेंडू आला तर माणूस बेसलाइनच्या आत अडकतो. दुसऱ्यात क्षणभर पाठ होते, मान वळवून खांद्यावरून बघावं लागतं, पण खुर्चीचा वेग टिकतो आणि खोल चेंडूसाठी जागा मिळते. नवशिके पाठ करायला घाबरतात, ते साहजिक आहे. कुनिएदाची मॅच बघताना त्याचं डोकं बघा. खुर्ची पूर्ण फिरत असते, पण मान शेवटपर्यंत चेंडूवर असते आणि मग एका झटक्यात दुसऱ्या खांद्यावर जाते. त्याचे सुरुवातीचे प्रशिक्षक हिरोमिची मारुयामा यांनी खुर्चीच्या या हालचालींवर फार मेहनत घेतली. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला, त्यामागे हे काम होतं.

त्याच २००६ सालची आणखी एक गोष्ट. ऑस्ट्रेलियाच्या क्रीडामानसतज्ज्ञ अ‍ॅन क्विन यांनी त्याला ‘मी सर्वात बलवान आहे’ असं रोज स्वतःला मोठ्याने सांगायला लावलं. जपानीत ‘ओरे वा साइक्यो दा’. त्याने ते लिहून रॅकेटवर चिकटवलं आणि पुढची सगळी वर्षं ते तिथेच राहिलं. पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, त्याने ऑस्ट्रेलियन ओपन एकेरीत पहिल्यांदा जिंकलं.

आता खुर्चीबद्दल, कारण याबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहेत. कुनिएदाची खुर्ची चिबा प्रांतातल्याच ओएक्स इंजिनिअरिंगने बनवलेली असायची. टेनिसची खुर्ची घरातल्या खुर्चीपेक्षा पूर्ण वेगळी. वजन साधारण १० किलोच्या आसपास. दोन मोठी चाकं, पुढे दोन लहान चाकं, आणि मागे एक किंवा दोन लहान चाकं, मागे उलटू नये म्हणून. मोठी चाकं खाली फाकलेली असतात, साधारण १८ ते २० अंशांत. त्यामुळे वळण झटपट होतं, बाजूला कलंडायची भीती कमी होते, आणि रिम वरच्या बाजूला शरीराच्या जवळ येते. तोटा असा की खुर्चीची खालची रुंदी जवळपास एक मीटरपर्यंत जाते.

मोजमापात प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते. सीट उंच केली तर सर्व्हिस वरून मारता येते, पण तोल वर सरकतो आणि रिमपर्यंत हात पुरायला वाकावं लागतं. सीट खाली केली तर ढकलणं जोरदार, पण सर्व्हिस जाळीवरून न्यायला फिरकीचा आधार घ्यावा लागतो. ज्यांचं धड स्वतःच्या ताकदीवर तोल धरू शकत नाही, त्यांची सीट मागच्या बाजूला खोल ठेवतात, म्हणजे गुडघे वर आणि बूड खाली, आणि पाठीचा आधार थोडा उंच. मोठ्या चाकांचा अ‍ॅक्सल पुढे सरकवला तर खुर्ची चटकन वळते, पण मागे उलटायला बघते. त्यासाठीच मागचं लहान चाक. हे सगळं एकदम बदलायचं नसतं. एका वेळी एकच माप, तेही सेंटीमीटरभराने, आणि मग दोन-तीन आठवडे खेळून बघायचं.

कंबर, मांड्या किंवा गुडघे आणि पाऊल, अशा तीन ठिकाणी पट्टे असतात. पट्टा सैल असला तर शरीर सीटमध्ये सरकतं आणि ढकललेला जोर खुर्चीपर्यंत पोहोचतच नाही. घट्ट हवेतच, पण ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांनी खेळून झाल्यावर कातडी आरशात किंवा दुसऱ्याकडून तपासून घ्यायची. लालसर डाग पंधरा-वीस मिनिटांत गेला नाही, तर दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसायचं नाही. एका दाबव्रणाने खेळाडूचे कित्येक महिने जातात. हे मी मुद्दाम ठासून लिहितोय, कारण उत्साहाच्या भरात याच्याकडेच दुर्लक्ष होतं.

पुढच्या लहान चाकांच्या बेअरिंगमध्ये केस, धागे आणि चेंडूची लव जाऊन बसते. खुर्ची एका बाजूला खेचायला लागली की आधी तिथे बघा. टायरमध्ये हवा पूर्ण हवी. हवा थोडी कमी असली तरी तिसऱ्या सेटमध्ये खांद्यांना ते कळतं. प्रवासात मोठी चाकं काढून वेगळ्या पिशवीत, आणि सोबत जादा ट्यूब, लहान चाकांचा एक संच, पंप, अ‍ॅलन कीचा जुडगा. विमानाच्या सामानात खुर्ची वाकून येणं ही दौऱ्यावरची नेहमीची डोकेदुखी आहे, म्हणून पहिल्या सामन्याच्या किमान दोन दिवस आधी पोहोचायचं.

आता कोपर.

व्हीलचेअर टेनिसमध्ये बॅकहँड ही सगळ्यांची दुखरी बाजू. दोन हातांचा बॅकहँड बसून मारणं कठीण, कारण दुसरा हात खुर्ची सांभाळत असतो आणि धड हवं तेवढं फिरत नाही. एका हाताने स्लाइस, म्हणजे चेंडू खालून कापत उलट्या फिरकीने, मारणं हा सुरक्षित मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे हात उलटा फिरवून रॅकेटच्या फोरहँडच्याच बाजूने चेंडू मारणं. त्यात पकड बदलावी लागत नाही. रिम ढकलून लगेच पकड बदलायला वेळच नसतो, म्हणून हा प्रकार रूढ झाला. कुनिएदाने उभ्या खेळाडूंसारखा एका हाताचा टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा) बॅकहँड मारला, तोही आक्रमक. त्याच्या वर्चस्वाचं मोठं कारण तो फटका होता, आणि त्याच्या दुखापतीतही त्या फटक्याचा मोठा वाटा होता.

उभा खेळाडू टॉपस्पिन बॅकहँडचा जोर पाय आणि कमरेतून आणतो. बसलेल्या खेळाडूला तो खांदा आणि धडाच्या वरच्या भागातून आणावा लागतो. चेंडू शरीराच्या पुढे मिळाला तर भार खांद्यावर वाटला जातो. उशीर झाला, म्हणजे खुर्ची अर्धा मीटर मागे राहिली, की कोपर पुढे येतं आणि सगळा झटका कोपराच्या बाहेरच्या बाजूला बसतो. उंच उसळलेल्या चेंडूवर तर आणखी. कुनिएदाच्या उजव्या कोपरावर २०१२ च्या फेब्रुवारीत शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लंडनला त्याने अंतिम सामन्यात उदेला ६-४, ६-२ हरवून सुवर्ण राखलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया. या वेळी रिओपर्यंत तो सावरला नाही. उपांत्यपूर्व फेरीत बेल्जियमच्या योआकिम जेरार्डकडून हरला आणि दुहेरीच्या कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं. त्यानंतरचा काळ इतका वाईट होता की निवृत्तीचा विचार मनात आला होता.

त्याने जे केलं ते मला त्याच्या कोणत्याही विजेतेपदापेक्षा मोठं वाटतं. तिशी ओलांडलेली, सगळं जिंकून झालेलं, आणि त्याने बॅकहँड मुळापासून बदलायला घेतला. नवे प्रशिक्षक र्‍यो इवामी यांच्याबरोबर पकड, फटक्याची पद्धत, रॅकेट, खुर्ची, सगळ्यालाच हात घातला. वर्षानुवर्षं हाताला लागलेली सवय मोडताना आधी खेळ बिघडतो, हे ज्यांनी तंत्र बदललंय त्यांना ठाऊक आहे. २०१७ मध्ये त्याच्या हाती एकेरीचं एकही ग्रँड स्लॅम लागलं नाही. २०१८ च्या जानेवारीत मेलबर्नला अंतिम सामन्यात उदेविरुद्ध पहिला सेट गमावून तो ४-६, ६-१, ७-६ असा जिंकला. त्या वर्षी फ्रेंच ओपनही जिंकलं.

ज्यांचं कोपर अधूनमधून कुरकुरतं, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. हातात हलकं डंबेल धरून मनगट वर उचलायचं आणि अगदी सावकाश खाली सोडायचं, १५ चे तीन संच. फायदा सावकाश सोडण्यात आहे. आणि खांद्यासाठी, जेवढं ढकलणं तेवढंच किंवा त्याहून जास्त ओढणं. रबर बँड भिंतीला अडकवून दोन्ही हात मागे ओढणं, कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला फिरवणं, १५ चे दोन-तीन संच, आठवड्यातून तीनदा. दिवसभर खुर्ची ढकलणाऱ्याची छाती आखडते आणि खांदे पुढे येतात. त्यावर आणखी छातीचाच व्यायाम करणारे पुष्कळ दिसतात. त्यांचे खांदे लवकर जातात. दुखणं दोन आठवडे टिकलं तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, तिथे घरगुती प्रयोग नकोत.

व्यावसायिक होणं म्हणजे काय, तेही कुनिएदाच्या बाबतीत स्पष्ट दिसतं. तो रेइताकु विद्यापीठात शिकला आणि तिथेच नोकरी करत खेळत होता. बीजिंगच्या सुवर्णानंतर, २००९ च्या एप्रिलमध्ये त्याने नोकरी सोडली आणि जपानचा पहिला व्यावसायिक व्हीलचेअर टेनिसपटू झाला. त्या वर्षी युनिक्लोसारखा प्रायोजक मिळाला. प्रायोजकाशिवाय हे शक्य नव्हतं, कारण बक्षिसाच्या रकमेवर घर चालत नाही. आजही नाही, वरचे थोडे सोडले तर. २०२४ च्या विम्बल्डनमध्ये पुरुष एकेरीच्या विजेत्याला २७ लाख पौंड मिळाले, व्हीलचेअर एकेरीच्या विजेत्याला ६५ हजार. त्यात वर्षानुवर्षं ग्रँड स्लॅममध्ये फक्त आठ जणांना प्रवेश होता, म्हणजे जगातल्या नवव्या-दहाव्या क्रमांकाचा खेळाडूही बाहेर. २०२२ मध्ये यूएस ओपनने सोळा जणांना घेतलं, तिथून चित्र बदलू लागलं. ग्रँड स्लॅमच्या खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) स्पर्धांच्या, फ्युचर्सपासून आयटीएफ ३, २, १, मग सुपर सीरिज अशा पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर खेळाडू बहुतेक स्वखर्चाने फिरतो: स्वतःचं तिकीट, प्रशिक्षकाचं तिकीट, दोन खुर्च्यांचं सामान.

आणि विम्बल्डन. तिथे व्हीलचेअर एकेरी सुरूच झाली २०१६ मध्ये, तोपर्यंत फक्त दुहेरी असायची. गवतावर चाक रुततं, प्रत्येक धक्क्याला जास्त जोर लागतो, आणि वळताना तर हात भरून येतात. शिवाय चेंडू खाली राहतो. दुसरा टप्पा जेमतेम उसळतो, म्हणजे दोन टप्प्यांची सवलत जवळपास संपते. क्ले म्हणजे मातीच्या कोर्टवरही चाक जड जातं, पण तिथे चेंडू उसळतो आणि वेळ मिळतो. गवतावर खुर्ची आधी पोहोचली नाही तर काहीच उरत नाही. २०१९ ला कुनिएदा तिथे अंतिम सामन्यात अर्जेंटिनाच्या गुस्तावो फर्नांडेसकडून हरला.

२०२१ च्या ४ सप्टेंबरला टोकियोत त्याने नेदरलँड्सच्या टॉम एख्बेरिंकला ६-१, ६-२ हरवून तिसरं एकेरी सुवर्ण घेतलं, आणि आठ दिवसांनी न्यूयॉर्कला यूएस ओपनही जिंकलं. राहिलं होतं फक्त विम्बल्डन. २०२२ च्या जुलैत, वयाच्या ३८ व्या वर्षी, अंतिम सामन्यात समोर ब्रिटनचा आल्फी ह्यूएट, घरचं मैदान. तिसऱ्या सेटमध्ये कुनिएदा २-५ ने मागे होता. तिथून त्याने सामना ४-६, ७-५, ७-६ असा काढला, शेवटचा टायब्रेक (६-६ झाल्यावरचा निर्णायक गेम) १०-५. शक्य झालं तर त्या सेटचे शेवटचे गेम पुन्हा बघा. तो रिटर्नला थांबून बसत नाही. ह्यूएट चेंडू वर फेकतो तेव्हा कुनिएदाची खुर्ची सरकायला लागलेली असते, आणि रिटर्न मारल्यावर तो मागे जायच्या ऐवजी आत येतो. त्या वर्षीचे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच आणि विम्बल्डन तिन्ही त्याचे. यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात ह्यूएटने त्याला रोखलं.

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये टोकियोच्या आरिआके कोलिझियममध्ये जपान ओपनच्या अंतिम सामन्यात तो सोळा वर्षांच्या तोकितो ओदाशी खेळला आणि तिसऱ्या सेटच्या टायब्रेकवर जिंकला. ओदाला नवव्या वर्षी हाडाचा कर्करोग झाला, त्यानंतर कुनिएदाचा लंडनचा खेळ बघून तो टेनिसकडे वळला. कुनिएदा निवृत्त झाला त्याच वर्षी, २०२३ मध्ये, सतरा वर्षांच्या ओदाने फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन जिंकलं, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ह्यूएटविरुद्ध अंतिम सामना तिसऱ्या सेटमध्ये ३-५ वरून खेचून सुवर्ण. ओदा डावखुरा आहे, बेसलाइनच्या आत राहून पहिल्या टप्प्यावर मारतो. कुनिएदाने सुरू केलेली गोष्ट त्याने आणखी पुढे नेली आहे.

आपल्याकडे भारतात या खेळाची बरीचशी हालचाल बंगळूरच्या आसपास आहे. महाराष्ट्रात कोणाला सुरुवात करायची असेल तर वेगळ्या अकादमीची वाट बघू नये, जवळच्या क्लबचं सिमेंट किंवा हार्ड कोर्ट पुरतं. नियमांतच सोय आहे: व्हीलचेअर खेळाडू उभ्या खेळाडूशी खेळू शकतो, खुर्चीवाल्याला दोन टप्पे, उभ्याला एक. कोर्ट निवडताना आधी टेप घेऊन फाटक मोजा. आपल्याकडच्या कित्येक कोर्टांची जाळीची फाटकं इतकी अरुंद असतात की फाकलेल्या चाकांची खुर्ची आत जातच नाही. मोठी चाकं काढून आत नेता येते, पण दर वेळी मदतीला माणूस लागतो. बेसलाइनच्या मागे भिंतीपर्यंत किती जागा आहे तेही बघा. आंतरराष्ट्रीय मापात ती ६.४० मीटर असते, आणि दुसऱ्या टप्प्यावर खेळताना ती खरंच लागते.

खेळाची खुर्ची लाखांच्या घरात जाते, म्हणून पहिली खुर्ची विकत घेऊ नका. बास्केटबॉलवाल्यांकडून फाकलेल्या चाकांची जुनी खुर्ची काही महिने मागून घ्या; ती थोडी जड असते, पण वळायला शिकायला पुरेशी आहे. या काळात स्वतःची मापं लक्षात येतात: बसल्यावर नितंबांची रुंदी, गुडघ्यामागून पाठीपर्यंतचं अंतर, गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी, हात खाली सोडल्यावर बोटं चाकाच्या अ‍ॅक्सलपर्यंत पोहोचतात का. सीटची रुंदी अंगाबरोबर हवी, पुढे जाड व्हाल म्हणून मोठी घेऊ नका. लहान मुलासाठी मात्र पाऊलपट्टी आणि पाठीचा आधार वरखाली करता येणारी फ्रेम घ्या, नाहीतर दोन वर्षांत खुर्ची लहान पडते. ऑर्डर देताना जादा ट्यूब आणि लहान चाकांचा दुसरा संच त्याच खेपेला मागवा, नंतर ते एकेकटे मागवताना महिना जातो आणि तोवर खुर्ची कोपऱ्यात पडून राहते.